अण्णा कर्व्यांचे गणित

महर्षी धोंडो केशव कर्वे हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते, याचा विसर त्यांच्या गौरवाच्या भाषणांत सहसा पडतो. १८५८ साली कोकणात जन्मलेले अण्णा १८९१ ते १९१४ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार सोसला. परंतु अशा विवाहाने एकीचाच प्रश्न सुटतो, उरलेल्यांनी कशाच्या आधारावर जगावे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. समाजाचे मन वळेपर्यंत थांबणे त्यांना मान्य नव्हते. निवारा, भोजन, शिक्षण आणि सुरक्षितता यांची तजवीज त्यांनी आधी केली. मने मागाहून वळली. गोदूबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले पुढे याच आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या.

अण्णांच्या दृष्टीलाही काळाची मर्यादा होती. जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श पुढे ठेवून १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा गृहजीवनास उपयुक्त विषयांना त्यात मानाचे स्थान मिळाले. कारखान्यातील स्त्री त्या चित्रात नव्हती. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली.

हिंगण्याहून फार दूर नसलेल्या, मुठेपलीकडच्या धायरीत लहानमोठे यंत्रकारखाने आहेत. संगणकनियंत्रित यंत्रावर काम करणाऱ्याला अंगबळापेक्षा अक्ष, कोन आणि मोजमाप यांची जाण अधिक लागते. प्रोग्रॅम लिहावा, हत्यार व जॉब बिनचूक लावावा, मायक्रोमीटरने माप तपासावे, हे सारे गणितच आहे. ते मुलींना जमेल काय, ही शंका आता कोणी घेऊ नये.

अडचण आहे ती व्यवस्थेची. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने स्त्रियांना रात्रीचे काम वर्ज्य केले होते. २०२० च्या कामगार संहितेने त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर ते खुले केले. पण कायद्याने दार उघडले तरी रात्री घरी पोहोचविणारे वाहन, स्वच्छतागृह आणि पाळणाघर त्यातून आपोआप निर्माण होत नाही. त्यावाचून मुलगी शिकाऊ म्हणून येते आणि लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर यंत्रापासून दूर होते. तिची पूर्णवेळ, कायम नोकरी कागदावरच राहते.

अण्णांनी हिंगण्यात घालून दिलेला धडा हाच आहे. आधी सोय, मग उपदेश. कारखानदारांनी एकत्र येऊन एखादे पाळणाघर आणि पाळीची एखादी गाडी चालविली, तर धायरीत तो धडा गिरविला गेला असे म्हणता येईल.