स्वतःला राजा न म्हणवता ४० वर्षं रोमवर राज्य करणारा ऑगस्टस

आपल्या कॅलेंडरमधला ऑगस्ट महिना ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या माणसाने आयुष्यभर एक गोष्ट कटाक्षाने टाळली. स्वतःला राजा म्हणवून घेणं.

कारण रोममध्ये राजा हा शब्द शिवीसारखा होता. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमन लोकांनी शेवटच्या राजाला हाकलून दिलं आणि कुणा एकाच्या हातात फार काळ सत्ता राहणार नाही असा कारभार उभा केला. दरवर्षी दोन कॉन्सुल निवडून यायचे आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकायचा. सामान्य जनतेच्या बाजूने दहा ट्रिब्यून असायचे. त्यांच्याकडे व्हेटो होता आणि त्यांच्या अंगाला हात लावणं हे पाप होतं. शिवाय बड्या घराण्यांची सिनेट होतीच. ज्युलियस सीझरने ही घडी मोडून स्वतःला तहहयात डिक्टेटर करून घेतलं, आणि १५ मार्च इ.स.पू. ४४ ला सिनेटच्या बैठकीतच त्याचा खून झाला.

तेव्हा सीझरच्या बहिणीचा नातू गायस ऑक्टेव्हियस आजच्या अल्बेनियात शिकत होता. वय १८. बातमीच्या पाठोपाठ कळलं की सीझरने मृत्युपत्रात त्याला दत्तक घेतलंय.

पोरगा रोममध्ये आला. सीझरचा उजवा हात असलेला मार्क अँटनी इस्टेटीचा पैसा सोडेना. सीझरने रोमच्या सामान्य नागरिकांना माणशी ३०० सेस्टर्स ठेवले होते. या पोराने स्वतःची मालमत्ता विकून, कर्ज काढून ते वाटायला घेतले. त्याच वर्षी सीझरच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना आकाशात धूमकेतू दिसला. लोक म्हणाले, हा सीझरचा आत्मा. पुढे सीझरला अधिकृतपणे देव ठरवण्यात आलं आणि ऑक्टेव्हियन स्वतःला देवाचा पुत्र म्हणवू लागला. राजा म्हणायची चोरी होती, देवपुत्र म्हणायची नव्हती!

पण त्याची सुरुवात रक्तानेच झाली, हे विसरून चालणार नाही. इ.स.पू. ४३ मध्ये त्याने अँटनी आणि लेपिडस यांच्याशी हातमिळवणी केली. तिघांनी मिळून मारायच्या लोकांच्या याद्या चौकात लावल्या. त्यात सिसेरोचंही नाव होतं. याच म्हाताऱ्या वक्त्याने काही महिन्यांपूर्वी सिनेटमध्ये ऑक्टेव्हियनची बाजू लावून धरली होती. त्याचं डोकं आणि हात कापून, तो जिथून भाषणं द्यायचा त्याच व्यासपीठावर ठेवले गेले.

पुढे लेपिडस बाजूला पडला. इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या समुद्रात अँटनी आणि क्लिओपात्रा हरले, आणि वर्षभरात इजिप्त रोमच्या ताब्यात आलं. (तांबड्या समुद्रातून भारताकडे येणारा व्यापार यानंतर प्रचंड वाढला. भारतातून आपल्याकडे वकील आल्याचं ऑगस्टसने स्वतः नोंदवून ठेवलंय.)

आता त्याला अडवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि इथेच त्याने सीझरची चूक टाळली. जानेवारी इ.स.पू. २७ मध्ये तो सिनेटमध्ये उभा राहिला आणि सगळे अधिकार परत करत असल्याचं त्याने जाहीर केलं. सिनेटने आग्रह करून बहुतेक फौज तैनात असलेले प्रांत पुन्हा त्याच्याकडेच दिले. वर ऑगस्टस, म्हणजे पूज्य, अशी पदवी दिली. रोम्युलस हे नावही सुचवलं गेलं होतं, पण रोमचा संस्थापक असला तरी तो राजाच होता. ते नाव मागे पडलं.

इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सुलपद सोडलं आणि ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. तो पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या कुलीन वर्गातला, त्यामुळे त्याला ट्रिब्यून होताच येत नव्हतं. मग पद न घेता नुसते अधिकार घेतले. व्हेटोही मिळाला आणि अंगाला हात लावणं पाप हे संरक्षणही. निवडणुका होत राहिल्या, सिनेट बसत राहिली. जुनी पाटी तशीच, दुकान मात्र एकाचं.

धर्मातही तेच. रोममध्ये पुजारी म्हणजे वेगळी जात नव्हती. राजकारणी माणसंच पुजारी असायची. मुख्य पुरोहिताचं पद तहहयात असायचं आणि ते नेमकं लेपिडसकडे होतं. ऑगस्टसने त्याची सत्ता काढून घेतली होती, पण या पदाला हात लावला नाही. तो मरेपर्यंत थांबला आणि इ.स.पू. १२ मध्ये रीतसर निवडून आला. मुख्य पुरोहिताने सरकारी घरात राहावं असा नियम होता. याला आपलं पॅलाटाइन टेकडीवरचं घर सोडायचं नव्हतं, म्हणून त्याने त्याच घराचा एक भाग सार्वजनिक करून टाकला. त्याआधी एकाच वर्षात ८२ देवळांची डागडुजी केल्याचंही त्याने लिहून ठेवलंय.

इथवर सगळं जमून आलं. फसलं ते घरात.

यादवी युद्धांत माणसं मेली, बडी घराणी लग्न आणि मुलं टाळू लागली, यावर ऑगस्टसने कायद्याचा उपाय काढला. इ.स.पू. १८ च्या सुमाराचे हे कायदे. २५ ते ६० वयाचे पुरुष आणि २० ते ५० वयाच्या स्त्रिया अविवाहित असतील, तर वारसा मिळण्यावर बंधनं. तीन मुलं असतील तर सवलती. विवाहित स्त्रीचा व्यभिचार आजवर घरच्या पंचायतीत निपटला जायचा, तो आता गुन्हा झाला. नवऱ्याने अशा बायकोला घटस्फोट दिला नाही तर त्याच्यावरही खटला. नवरा मात्र गुलाम स्त्रीकडे किंवा वेश्येकडे गेला तर गुन्हा नाही.

हे सांगणारा माणूस कोण? ज्याने मुलगी जन्मली त्याच दिवशी तिच्या आईला घटस्फोट दिला आणि दुसऱ्याच्या गरोदर बायकोशी, लिव्हियाशी, लग्न करण्यासाठी पुरोहितांची परवानगी मागितली. इ.स. ९ मध्ये हे कायदे सुधारले गेले, तेव्हा ज्या दोन कॉन्सुलांचं नाव कायद्याला लागलं ते दोघेही बिनलग्नाचे होते.

ती मुलगी म्हणजे ज्युलिया, त्याचं एकुलतं एक अपत्य. मुलगा नव्हता, म्हणून वारस मिळवायचा तो ज्युलियाच्या लग्नातूनच. १४ व्या वर्षी आतेभाऊ मार्सेलसशी लग्न लावलं, तो दोन वर्षांत मेला. मग बापाच्याच वयाचा मित्र अग्रिप्पा. त्याच्यापासून पाच मुलं, आणि पुन्हा वैधव्य. मग लिव्हियाचा मुलगा टायबेरियस. त्याचा आधीचा सुखाचा संसार त्यासाठी मोडायला लावला. दोघांचं पटलं नाही आणि तो रोम सोडून ऱ्होड्स बेटावर निघून गेला.

इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसला राष्ट्रपिता ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ज्युलियाचे संबंध उघड झाले. त्यात अडकलेल्यांमध्ये मार्क अँटनीचा मुलगाही होता, त्यामुळे हे निव्वळ घरगुती प्रकरण नसावं अशी शंका अनेक इतिहासकारांना येते. काही असो, कायदा बापाचाच होता. त्याने आरोपांचं पत्र सिनेटमध्ये वाचायला पाठवलं आणि स्वतः तिथे गेला नाही. ज्युलियाला पांडाटेरिया या छोट्या बेटावर धाडलं. दारू बंद, परवानगीशिवाय कुणा पुरुषाची भेट बंद. तिची आई स्क्रिबोनिया स्वखुशीने सोबत गेली. पाच वर्षांनी तिला इटलीच्या टोकाला असलेल्या रेजियममध्ये आणलं, पण रोमचे लोक पुन्हा पुन्हा विनवत असतानाही बापाने तिला परत बोलावलं नाही.

ज्यांना गादीसाठी तयार केलं होतं ते ज्युलियाचे दोन्ही थोरले मुलगे तरुणपणीच वारले. शेवटी नाइलाजाने टायबेरियसलाच दत्तक घ्यावं लागलं.

१९ ऑगस्ट इ.स. १४ ला, ७६ वं वर्ष पुरं व्हायला महिनाभर असताना, ऑगस्टस नोला इथे वारला. महिन्याभरात सिनेटने त्याला देव ठरवलं. एका माजी अधिकाऱ्याने ऑगस्टसला स्वर्गात जाताना पाहिल्याची शपथ घेतली आणि लिव्हियाने त्याला दहा लाख सेस्टर्स बक्षीस दिले.

ज्युलियाच्या अस्थी आपल्या समाधीत ठेवू नयेत, अशी ताकीद तो देऊन गेला होता. नव्या सम्राटाने, म्हणजे तिच्याच माजी नवऱ्याने, तिचा खर्च बंद केला, आणि त्याच वर्षी रेजियममध्ये ती उपासमारीने मेली.