थिओडोर किटलसेन : डोंगरांना चेहरा देणारा चित्रकार

‘ट्रोलहंटर’ (२०१०) आणि ‘ट्रोल’ (२०२२) या नॉर्वेजियन चित्रपटांतील अजस्र राक्षसांच्या रूपामागे शतकापूर्वी निवर्तलेल्या एका चित्रकाराची रेषा आहे.

थिओडोर किटलसेन यांचा जन्म २७ एप्रिल १८५७ रोजी क्रागेरो या किनारी गावी झाला. आठ भावंडांवरील पितृछत्र लवकरच हरपले आणि अकराव्या वर्षी थिओडोर घड्याळजीकडे उमेदवारी करू लागले. एका कलाप्रेमी आश्रयदात्यामुळे क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, व पुढे म्युनिक येथे त्यांना कलाशिक्षण मिळाले. मात्र १८७९ मध्ये ती मदत थांबली.

१८८७ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी लोफोटेन बेटांवर बहिणीच्या कुटुंबासोबत वास्तव्य केले. तेथील कडे, समुद्र व दीर्घ अंधार त्यांच्या चित्रांत उतरला. आसब्योर्नसेन आणि मो यांनी संकलित केलेल्या लोककथांनाही त्यांच्या चित्रांची जोड लाभली. लोककथेतील ट्रोल त्यांनी निसर्गापासून कधी वेगळा काढला नाही. १९०६ च्या ‘वनराक्षस’ चित्रात जणू अरण्यच डोके वर काढून पाहते. राजधानीच्या कार्ल योहान रस्त्यावरही त्यांनी ट्रोल आणून उभा केला. २०२२ च्या चित्रपटातील राक्षसही ओस्लोच्याच दिशेने निघतो.

१९०८ मध्ये त्यांना सेंट ओलाव्ह सन्मान मिळाला; पण सन्मानाने चूल पेटत नाही. आजारपणामुळे १९१० मध्ये सोनेरेन सरोवराकाठचे लाडके घर सोडावे लागले. २१ जानेवारी १९१४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे घर सुटले. त्यांचे राक्षस मात्र आजही पडद्यावर वावरत आहेत.