उष्णतेचा हिशेब मांडणारा माणूस

१८७९ च्या जुलै महिन्यात म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतला एक अतिशय हुशार विद्यार्थी शेवटच्या परीक्षेला बसू शकला नाही. त्याला विषमज्वर झाला होता. टायफॉइडवर तेव्हा औषध नव्हतं. अंग आठवडेच्या आठवडे तापत राहायचं आणि घरच्यांनी फक्त वाट पाहायची. हा मुलगा वाचला. पुढच्या परीक्षेपर्यंतचे दिवस त्याने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी, सुल्झर बंधूंच्या कारखान्यात काम शिकण्यात घालवले आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळवली. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. पंपावर आपण रोज ज्याचं नाव घेतो, तो हाच.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे, वडिलांचा व्यवसाय चामड्याच्या वस्तूंचा. १८७० मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबुर्गला काकांकडे पाठवलं. ते गणिताचे शिक्षक होते. तिथेच त्याने इंजिनिअर व्हायचं पक्कं केलं.

पुढे म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. लिंडे यांचं नाव शीतयंत्रांशी, म्हणजे बर्फ बनवणाऱ्या यंत्रांशी जोडलेलं आहे. पदवीनंतर डिझेलने पॅरिसमध्ये त्यांच्याच यंत्रांचं काम पाहिलं. आगीच्या इंजिनासाठी ज्याचं नाव झालं, त्या माणसाची रोजीरोटी आधी बर्फावर चालत होती. वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर चालणारं यंत्र करून पाहताना मात्र स्फोट झाला. त्याला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले आणि प्रकृतीवर व दृष्टीवर त्याचा परिणाम राहिला.

त्याला एकच गोष्ट खुपत होती. वाफेचं इंजिन कोळशातली जवळपास नव्वद टक्के उष्णता वाया घालवत होतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, हे आपण जाणतो. दाबलेली हवा तापते. डिझेलचा विचार असा, की हवा इतकी दाबावी, इतकी तापवावी, की तिच्यात इंधन सोडताच ते ठिणगीशिवाय आपोआप पेटावं. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या इंजिनात इंधन सोडलं, तेव्हा दाब मोजणारं उपकरणच फुटलं. डिझेल थोडक्यात बचावला. आपल्या इंजिनाला थंड करण्याची गरज पडणार नाही, असं त्याने आधी कागदावर मांडलं होतं. प्रत्यक्षात सिलिंडरभोवती पाणी फिरवावंच लागलं. शीतयंत्रांच्या जाणकाराला हा धडा आगीने शिकवला.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी येत होती. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून हे जास्त होतं. पैसा आला, कीर्ती आली आणि त्यासोबत पेटंटवरची भांडणं, तीव्र डोकेदुखी, संधिवाताचा एक प्रकार असलेला गाउट आणि मानसिक थकवाही आला. गुंतवणुकी बुडत गेल्या. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढला. सकाळी त्याचा बिछाना न वापरलेला आढळला. पुढे समुद्रात एक मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. डिझेल तेव्हा ५५ वर्षांचा होता. मृत्यूचं कारण आजही निश्चित नाही, पण कर्जाचं ओझं आणि खचलेलं मन सोबत होतं हे नक्की. शरीराच्या आजाराइतकंच मनाच्या आजारावरही वेळेत बोलावं, उपचार घ्यावेत, हे डॉक्टर म्हणून इथे सांगायलाच हवं.

ज्या विंटरथूरमध्ये तापातून उठलेला डिझेल काम शिकला, तिथेच त्याच १८७९ च्या जुलैत आल्फ्रेड ब्यूशी जन्मला. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा गरम धूर वाया का घालवायचा, असा प्रश्न त्याला पडला. त्या धुराने चक्र फिरवावं आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, यासाठी त्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं. हाच आजचा टर्बो. १९२५ च्या सुमारास तो डिझेल इंजिनावर यशस्वी झाला आणि शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढली.

पण दाबलेली हवा तापते, हा नियम इथेही आडवा आला. टर्बोतून निघालेली हवा १५० अंशांपर्यंत तापू शकते. तापलेली हवा विरळ, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी. ती रेडिएटरसारख्या जाळीतून नेऊन ६० अंशांवर आणली, तर तेवढ्याच दाबाला तेवढ्याच जागेत सव्वापटीहून अधिक हवा मावते. ही जाळी म्हणजे इंटरकूलर. आत जाणारी हवा थंड झाली, की तेवढ्याच इंधनावर बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमानही उतरतं. डिझेलची आग आणि लिंडे यांचं थंड करण्याचं शास्त्र इथे एकत्र नांदतात.

आपल्या जिल्ह्याला हे दूरचं नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीतून जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते. अशा वेळी जुन्या गाडीला ताकद यावी म्हणून नुसतं इंधन वाढवलं, तर हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो आणि धुराचं तापमान चढतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणून इंटरकूलर बसवणाऱ्याने धुराचं तापमान दाखवणारा मापकही बसवावा आणि बदल करण्याआधी आरटीओत नियम विचारून घ्यावा. नव्या गाड्यांत इंटरकूलर असतोच. त्याच्या जाळीतला कचरा, धूळ काढणं आणि नळ्या सैल नाहीत ना हे पाहणं एवढं तरी करावं. चढावर काटा वर जाऊ लागला, तर ॲक्सिलरेटर दाबून न धरता खालचा गिअर घ्यावा. लांब पल्ल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं मंद चालू ठेवावं, म्हणजे टर्बो निवतो.

काळ्या धुराचा प्रश्न फक्त गाडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तो धूर सर्वांत आधी ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक आणि ढाब्यावरची पोरं यांच्या फुफ्फुसात जातो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. उन्हात केबिनमध्ये बसणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावं. चक्कर, बडबड किंवा बेशुद्धी दिसली आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि लगेच रुग्णालय गाठावं. इंजिनाप्रमाणेच शरीराचीही उष्णता सोसण्याची हद्द ठरलेली आहे, पण इंजिनाचा पिस्टन बदलता येतो.