तांबड्याच्या पलीकडे

परवा आमच्या सोसायटीच्या मीटर-खोलीत वायरमन एक छोटा कॅमेरा घेऊन आला. डोळ्यांना सगळे स्विच सारखेच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र एक पिवळाधमक दिसत होता. आत वायरचा सांधा सैल होऊन तापला होता. या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही. वस्तू स्वतः जे अवरक्त किरण बाहेर टाकते, तेच तो टिपतो. मला विल्यम हर्शेल आठवला.

हा १७३८ साली जन्मलेला हॅनोव्हरचा माणूस. वडील लष्करी बँडमधले वादक. १७५७ मध्ये तो इंग्लंडला आला, पुढे बाथ गावी चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवू लागला आणि हौसेने दुर्बिणीचे आरसे घासू लागला. आरशावरचा हात उचलायची सोय नसे, म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवी. १७८१ मध्ये अशाच घरच्या दुर्बिणीतून त्याला युरेनस सापडला. राजाने वर्षाला २०० पौंड बांधून दिले आणि संगीताची नोकरी सुटली. (बँकेत बसून कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला त्याचा हेवा वाटतो.)

१८०० साली तो एकसष्ट वर्षांचा होता. सूर्य पाहताना काही रंगीत काचांतून उजेड कमी आणि ऊब जास्त येते, हे त्याला खटकले. त्याने लोलकातून ऊन पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला; रंगांबाहेर आणखी दोन, ताळ्यासाठी. जांभळ्यात पारा २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ ७. मग त्याने थर्मामीटर तांबड्याच्या पलीकडे सरकवला. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण पारा अधिकच चढला.

इथे मात्र मला हळहळ वाटते. प्रकाश आणि ही उष्णता एकच, असे तो आधी धरून चालला होता. पण सर्वांत जास्त उजेड पिवळ्या-हिरव्यात, सर्वांत जास्त उष्णता तांबड्याबाहेर, ताळा जुळेना. त्याच वर्षी त्याने दोन्ही वेगळ्या ठरवल्या. खाते एकच होते, त्याने दोन उघडली. १८२२ मध्ये तो गेला, तेव्हाही हा हिशेब मिटलेला नव्हता.

मुलगा जॉन याने १८४० मध्ये काजळी लावलेला पातळ कागद अल्कोहोलने भिजवून त्यावर सूर्याचा वर्णपट पाडला. जिथे ऊब, तिथे कागद आधी वाळला. उष्णतेचे चित्र उमटले! पुढे लँगलीचा बोलोमीटर आला. ऊब लागली की त्याच्या पट्टीचा विद्युतरोध बदले. वायरमनच्या कॅमेऱ्यात तसलेच बारीक बोलोमीटर हजारोंनी बसवलेले असतात.

त्याने सांधा आवळला. थोड्या वेळाने पडद्यावर तो स्विच इतरांसारखाच निळा झाला.