पर्सी स्पेन्सर आणि फुटलेले अंडे

उजनीच्या पाण्याकाठी वसलेल्या पळसदेवमध्ये रात्रीचा भात सकाळी गरम करून खाणे नवे नाही. नवे आहे ते काही घरांत गॅसशेजारी आलेले मायक्रोवेव्ह ओव्हन. ते घडवणारे पर्सी स्पेन्सर शाळाही पूर्ण करू शकले नव्हते.

अमेरिकेतील मेन राज्यात १८९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले आणि आईने त्यांना नातेवाइकांकडे सोपवले. बाराव्या वर्षी ते कारखान्यात कामाला लागले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. तेव्हा संदेश पाठवणाऱ्या बिनतारी यंत्रांनी त्यांना भुरळ घातली. नौदलात शिरून, रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तके वाचत ते गणित आणि विद्युतशास्त्र स्वतःच शिकले.

पुढे ते रेथिऑन कंपनीत गेले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणारी मॅग्नेट्रॉन नळी झपाट्याने तयार करण्याची पद्धत त्यांनी शोधली. अशाच एका नळीजवळ उभे असताना खिशातली गोड वडी वितळली. मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवले, त्यांच्या लाह्या झाल्या. पाठोपाठ ठेवलेले अंडे सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले, अशी हकीकत सांगतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चे पहिले ओव्हन माणसाएवढे उंच आणि सुमारे ३४० किलोचे होते. घरातल्या ओट्यावर मावणारे ओव्हन १९६७ मध्ये आले. १९७० मध्ये स्पेन्सर यांचे निधन झाले.

त्या अंड्याचा धडा आजही लागू आहे. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवून उष्णता निर्माण करतात. कवचात कोंडलेली वाफ वाट शोधते आणि अंडे फुटते. म्हणून सालासकट बटाटा किंवा वांगे ठेवताना टोचे मारावेत, कवचासह अंडे ठेवूच नये. गुळगुळीत कपातले पाणी न उकळताच उकळबिंदूच्या वर तापते आणि चमचा घालताच उसळून हात भाजतो. पाणी जास्त वेळ तापवू नये, थोडे थांबून मगच कप उचलावा.

लहरी साधारण दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, त्याही सगळीकडे सारख्या पोहोचत नाहीत. त्यामुळे आमटीची कड उकळते, मध्य कोमटच राहतो. अन्न पसरट काचेच्या भांड्यात ठेवावे, सैल झाकावे, मध्येच ढवळावे आणि दोन मिनिटे मुरू द्यावे. मध्यभागही वाफाळता हवा. स्टीलचे भांडे नको. बाळाच्या दुधाची बाटली बाहेरून कोमट लागते, आत मात्र तोंड पोळेल इतके गरम दूध असू शकते. ती गरम पाण्यात ठेवूनच तापवावी.

सर्वांत मोठा गैरसमज भाताबद्दल आहे. शिजवल्यावरही बॅसिलस सिरिअस या जिवाणूची बीजे जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. गरम केल्याने जिवाणू मरतात, पण उलट्या घडवणारे ते विष टिकते. भात दोन तासांच्या आत, उथळ भांड्यात पसरून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात वाचवण्याची किमया स्पेन्सर यांच्या यंत्रात नाही.