पाण्यात राहून मगरीशी मैत्री

काही प्राण्यांच्या वाट्याला माणसाची माया जन्मतःच येते. हरणाचे डोळे, मोराचा पिसारा, खारीची लगबग यांवर कोणीही लोभावतो. मगरीचे नशीब मात्र तसे नाही. गजेंद्राचा पाय धरून बसलेली मगर आपण लहानपणापासून कथेत ऐकतो. मगरीच्या डोळ्यांतील पाणीसुद्धा आपल्या भाषेने खोटे ठरविले आणि ढोंगी रडण्याला नक्राश्रू असे नाव दिले. अशा या सर्वांच्या नावडत्या प्राण्यावर जिवापाड प्रेम करणारा आणि ते प्रेम घरोघरच्या दूरदर्शन संचांतून जगाला वाटणारा एक माणूस ऑस्ट्रेलियात होऊन गेला. त्याचे नाव स्टीव्ह आयर्विन.

स्टीव्हचा जन्म २२ फेब्रुवारी १९६२ रोजी मेलबर्न येथे झाला. वडील बॉब यांचा व्यवसाय नळकामाचा, पण जीव सारा सापा-सरड्यांत गुंतलेला. आई लिन या परिचारिका. अनाथ झालेली कांगारूंची पिल्ले कापडी पिशव्यांत ठेवून त्या ती आईच्या मायेने वाढवीत. सहाव्या वाढदिवसाला मुलाने मागितली आणि त्याला मिळाली ती भेट म्हणजे बारा फूट लांबीचा अजगर! यावरून त्या घराची रीत ध्यानात यावी. १९७० साली हे कुटुंब क्वीन्सलंडमधील बीरवा या गावी आले आणि तेथे त्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांचे एक छोटेसे उद्यान उघडले. स्टीव्हची खरी शाळा हीच. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांच्या देखरेखीखाली त्याने पहिली मगर धरली.

त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील खाऱ्या पाण्यातील मगरी कातड्याच्या व्यापारापायी जवळजवळ नाहीशा होत आल्या होत्या. १९७४ साली क्वीन्सलंडमध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. पण वस्तीजवळ आलेल्या मगरीचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. बंदुकीची गोळी हे त्याचे सोपे उत्तर होते. १९८०नंतरच्या दशकात सरकारच्या मगर-व्यवस्थापन योजनेत स्टीव्ह स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. सोबतीला आपली कुत्री घेऊन तो महिनोन् महिने खाडीच्या चिखलात एकटा राही. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या झोतात मगरीचे डोळे शोधावेत, तिला जिवंत धरावे आणि माणसापासून दूर किंवा आपल्या उद्यानात सुखरूप पोचवावे, असा त्याचा उद्योग. मगरीच्या पाठीवर झेप घेणाऱ्या या तरुणाचे धाडस जगाला पुढे दिसले. मात्र त्या झेपेमागचा हेतू मगरीचा जीव वाचवणे हा होता.

१९९१ साली उद्यानाची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच वर्षी अमेरिकेहून आलेली टेरी रेन्स ही प्राणिप्रेमी तरुणी तेथे त्याला भेटली आणि १९९२च्या जूनमध्ये दोघे विवाहबद्ध झाले. मधुचंद्राला इतर जोडपी थंड हवेच्या ठिकाणी जातात. ही दोघे मगरी धरायला गेली! तेव्हा जॉन स्टेन्टन यांनी केलेल्या चित्रीकरणातून ‘द क्रोकोडाइल हंटर’ ही मालिका जन्माला आली. १९९६पासून ती ऑस्ट्रेलियात दिसू लागली आणि पुढे शंभराहून अधिक देशांत पोचली. खाकी सदरा, खाकी आखूड चड्डी, डोळ्यांत लहान मुलाचे कुतूहल आणि जगातला अत्यंत विषारी साप समोर असतानाही त्याच्या सौंदर्याने हरखून जाणारा आवाज, हे त्याचे रूप आपल्याकडेही केबलवरून घरोघरी पोचले. सापाला पाहताच काठी शोधणाऱ्या घरातली मुलेसुद्धा त्याच्यामुळे क्षणभर थबकली असतील.

टीकाकारांनी त्याला सोडले नाही. तो प्राण्यांना डिवचतो, त्यांच्या जगण्याचा तमाशा करतो, असा आक्षेप काहींनी घेतला. २००४च्या जानेवारीत अवघ्या महिन्याभराच्या मुलाला एका हाताशी धरून त्याने दुसऱ्या हाताने मगरीला खाद्य दिले, तेव्हा तर जगभर संताप उसळला. हे आक्षेप अगदीच निराधार होते असे म्हणवत नाही. प्रेमाच्या भरात अंतर राखण्याचे भान सुटते, आणि वन्य प्राण्याच्या बाबतीत अंतर राखणे हाही प्रेमाचाच एक भाग असतो. पण मिळालेल्या पैशाचे त्याने काय केले, हेही पाहिले पाहिजे. वन्य जीवांसाठी त्याने जमिनी घेतल्या, २००२ साली संवर्धनासाठी संस्था काढली आणि २००४ साली जखमी वन्य प्राण्यांसाठी रुग्णालय उभे केले. त्याची आई २००० साली मोटार अपघातात गेली होती. तिच्या पिशव्यांतील पिल्लांचीच परंपरा या रुग्णालयाने पुढे चालविली.

४ सप्टेंबर २००६ रोजी क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापलीकडील बॅट रीफ या प्रवाळ बेटाजवळ, उथळ पाण्यात चित्रीकरण चालू असताना एका मोठ्या पाकटाच्या शेपटीतील काटा त्याच्या छातीत घुसला. कोकणच्या कोळ्यांना हा काटा चांगला ठाऊक आहे. पाकट आपणहून माणसाच्या अंगावर येत नाही. भ्याले तरच शेपटी उगारते. मगरींच्या जबड्यांतून सहीसलामत सुटलेला स्टीव्ह एका भित्र्या माशाच्या घावाने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला.

त्याच्या उद्यानाच्या दारात फुलांचे ढीग साचले. लोकांनी खाकी सदऱ्यांवर सह्या करून ते कुंपणाला टांगले. सरकारने देऊ केलेला शासकीय अंत्यविधीचा मान कुटुंबाने नम्रपणे नाकारला. २० सप्टेंबरला उद्यानातील क्रीडागारात शोकसभा झाली. आठ वर्षांची बिंदी वडिलांविषयी स्वतः लिहिलेले भाषण न अडखळता वाचत होती, तेव्हा प्रेक्षकांचे डोळे भरून आले. शेवटी त्याच्या तोंडी सदैव असणारा उद्गार पिवळ्या फुलांनी जमिनीवर रेखाटण्यात आला.

पण याच शोकाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर शेपट्या छाटलेली मेलेली पाकटे सापडली. कोणी तरी सूड उगवला असावा, अशी शंका आली. असे काही करू नका, म्हणून त्याच्याच संस्थेला विनवावे लागले. ज्याने जन्मभर नावडत्या प्राण्यांची बाजू घेतली, त्याच्या नावाने एका मुक्या जीवाचा सूड! यासारखा त्याचा दुसरा पराभव नव्हता. आवडत्या माणसासाठी रडणे सोपे असते. त्याला जे आवडले ते सांभाळणे कठीण.

सुदैवाने सांभाळणारेही निघाले. २००७ साली केप यॉर्क द्वीपकल्पात सुमारे १ लाख ३५ हजार हेक्टरांचे अभयारण्य त्याच्या नावे राखण्यात आले. टेरी आणि दोन्ही मुलांनी उद्यान व रुग्णालय चालू ठेवले. ज्याला काखेत धरल्याबद्दल एवढे वादळ उठले, तो मुलगा रॉबर्ट मोठा होऊन वडिलांच्याच उद्यानात मगरींना खाद्य देऊ लागला.

पाण्यात राहून मगरीशी वैर करू नये, हे शहाणपण आपल्याला म्हणीने शिकविले. त्यात मगरीची भीती आहे. स्टीव्ह आयर्विन त्याच्या एक पाऊल पुढे गेला आणि त्याने मगरीशी मैत्रीच केली. त्या मैत्रीत त्याच्या चुका झाल्या असतील, पण वैर कधी नव्हते. वाटेत साप आडवा आला आणि आपला हात काठीकडे न जाता आपण दोन पावले मागे सरलो, तर त्या माणसाला तीच खरी श्रद्धांजली ठरेल.