दोन हजेऱ्या

लहानपणी शाळेत गुरुजींनी हजेरीत नाव पुकारले की छाती फुगायची. याच शब्दाने काही घरांची झोप उडायची, हे राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र वाचताना मला कळले.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. कोल्हापूर संस्थानातही काही जातींना रोज हजेरी द्यावी लागे. बापाच्या कपाळी असा शिक्का असताना पोर शाळेत कुठल्या तोंडाने जाणार?

महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण नुसत्या दंडाने शाळा भरत नाही, हे ते जाणून होते. १९१८ मध्ये त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. रानोमाळ भटकणाऱ्या फासेपारध्यांना सोनतळीला निवारा दिला, पहाऱ्याचे काम दिले. ज्यांना जग चोर म्हणे, त्यांच्यावर राजाने राखण सोपवली!

१९२२ मध्ये, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी महाराज गेले. आजही सिग्नलवर हात पसरणारे पारध्याचे पोर दिसले की वाटते, शाळेच्या पटावर याचे नाव चढायचे, तर आधी संशयाच्या यादीतून ते खोडायला हवे.